चारीवरची हाळी

सणसर, चारीवरची वस्ती
२० एप्रिल २०२१

तीर्थरूप आबांना,

सोनलचा नमस्कार. आईंचाही सांगायला सांगितलाय.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यावर तुमचं बोलणं आम्हालाही कळत नाही. काल आई पुन्हा पुन्हा ‘जेवलासा का’ विचारत होत्या आणि तुम्ही दर वेळी ‘ऊस तुटला का’ म्हणत होता. शेवटी आईंनी फोन माझ्या हातात दिला आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. म्हणून ठरवलं की डब्याबरोबर चिठ्ठी पाठवायची. तुमच्या वॉर्डातल्या प्रतिक्षा सिस्टर म्हणाल्या, आबांचा चष्मा उशाशीच असतो, मी वाचायला देईन. उत्तर लिहावंसं वाटलं तर त्यांच्याकडून पेन मागून घ्या. पण दम लागेपर्यंत लिहू नका.

घरी सगळं ठीक आहे. ऊस तुटून गेला, मागच्या आठवड्यातच. पाचट तसंच ठेवलंय, पेटवलेलं नाही. तुम्ही म्हणाला होता तसंच केलं. भेंडी चालू आहे. दत्तोबातात्यांचा पिकअप सकाळी बारामतीला भाजी घेऊन जातो, त्यातच तुमचा डबा येतो. मोना मोरगावला माझ्या आईकडंच आहे. तिला आता इकडं आणत नाही. फोनवर रडते, पण तिथं बरी आहे.

वस्तीवर सगळे घाबरलेत, ते मात्र लपवत नाही. कोणी कोणाच्या अंगणात येत नाही. दुधाची कॅन बांधावर ठेवायची आणि लांब सरकायचं, मग डेअरीचा माणूस ती उचलतो. रस्त्यावर अँब्युलन्सचा आवाज आला की हातातला घास हातात राहतो. गाडी फाट्यावरून आपल्याकडं वळते की सरळ भवानीनगरकडं जाते एवढंच ऐकत बसायचं. सरळ गेली की जेवायचं. कोणाच्या घरी गेली असेल हा विचार नंतर येतो, आणि मग जेवण जात नाही.

तुम्हाला नेल्यावर तात्यांनी एक गोष्ट सुरू केली. दिवस मावळताना ते त्यांच्या अंगणातून आपल्याला हाळी देतात. आपण ओ द्यायची आणि अजितच्या घराला हाळी द्यायची. अजितनं ओ देऊन पुढं त्याच्या उभ्या उसापलीकडं विजयमालाकाकींना द्यायची. काकींचं घर शेवटचं, म्हणून त्यांनी नुसती ओ द्यायची. मी तात्यांना म्हटलं, सगळ्यांकडं फोन आहेत की. ते म्हणाले, “फोनवर माणूस बरं हाय म्हणून सांगतंय. हाळीला दम लागतो. दम नसला की लगीच कळतंय.” तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही सगळे एकमेकांचा दम ऐकतो.

आपल्या घरची ओ आईच देतात. मला वाटलं होतं त्यांना संकोच वाटेल. पण इतकी वर्षं तुमच्याशी बोलून त्यांचा आवाज चांगलाच तयार झालाय.

मधे विजयमालाकाकींना जरा बरं नव्हतं. त्यांना भवानीनगरकडच्या कोविड सेंटरला नेलंय. त्यांचा सौरभ पुण्यात आहे, तोही पॉझिटिव्ह, म्हणून त्याला येता आलं नाही. काकी सुधारतायत असं कळलं. काळजी करू नका.

हे सध्या रानातल्या मोटारीच्या खोलीतच झोपतात. लाईटचा भरवसा नाही, कधी येते कधी जाते. जेवणही मी तिकडंच नेऊन देते. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

औषधं वेळेवर घ्या. पालथं झोपायला सांगितलंय तर झोपा, सिस्टरांशी वाद घालू नका.

आपली,
सौ. सोनल


बारामती
२९ एप्रिल २०२१

तीर्थरूप आबांना,

नमस्कार. तुमची चिठ्ठी मिळाली. माझ्याच कागदाच्या मागं लिहिलीत ते बरं केलंत. अक्षर थोडं हललंय, पण वाचता आलं. आईंनाही वाचून दाखवलं. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि कुठं ठेवला ते मला माहीत नाही.

आज मी डब्याबरोबर स्वतः आले. दवाखान्याच्या गेटाबाहेर लिंबाखाली बसून हे लिहितेय. गाडी अजित चालवतोय. तात्यांना थोडी कणकण आहे, ते घरीच आहेत. मी का आले म्हणाल, तर गाडीत जागा होती म्हणून आले. तुमची खिडकी कुठली ते सिस्टरांनी खालून दाखवलं. तुम्ही पाठमोरे होता.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. विजयमालेला कुणी नेलं, आणि माझ्या अवीची चिठ्ठी का न्हाय. पहिलीचं सांगते.

त्या संध्याकाळी अजितनं काकींना हाळी दिली आणि ओ आली नाही. आदल्या दिवशीच त्यांचा आवाज बारीक झाला होता. अजितनं पुन्हा दिली. मग आपल्या बांधावरून आईंनी दिली, मग तात्यांनी. सगळी माणसं आपापल्या बांधावर येऊन उभी राहिली. उसाच्या शेंड्यांवर थोडा उजेड होता आणि त्याच्या पलीकडं काकींचं कौलारू छप्पर दिसत होतं. दिवा लावलेला नव्हता. त्यांची गाय मात्र हंबरत होती, धार काढायची राहिल्यासारखी.

तात्यांनी अँब्युलन्सला फोन केला. तिकडून सांगितलं की गाड्या सगळ्या बाहेर आहेत, कधी पोचेल ते सांगता येत नाही. पेशंट शुद्धीवर आहे का, असं विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. ते बघायला आत जावं लागणार होतं.

आबा, तिथं कोणी वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तुम्हाला अजितचा राग यायला नको. तो म्हणाला, “माझ्या घरात म्हातारी हाय, दोन लेकरं हायत. मी जात न्हाय. मला काय म्हणायचं ते म्हणा.” त्याला कोणी काही म्हटलं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. फक्त त्यानं बोलून दाखवलं. तात्यांना साखरेचा त्रास, त्यांच्या बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला होता. शेजारच्या गावात एका घरातली माणसं पाठोपाठ गेल्याची बातमी त्याच दुपारी आली होती. सगळे नुसते छपराकडं बघत होते. आणि अंधार होत चालला होता.

शेवटी एक माणूस गेलं. तोंडाला टॉवेल बांधला आणि उसातल्या पायवाटेनं गेलं. दार आतून लावलेलं नव्हतं. काकी माठापाशी भुईवर पडलेल्या होत्या, अंग चटका बसेल असं तापलेलं, डोळे उघडे, पण बोलता येत नव्हतं. कालव्याच्या चारीचं पाणी फुटून वाटेत चिखल झालेला, गाडी आत येणं शक्य नव्हतं. त्यामुळं त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. काकींचं तोंड त्या माणसाच्या मानेशी होतं. तात्यांनी पिकअपच्या हौद्यात गोधडी टाकून ठेवली होती, आणि तसंच भवानीनगरकडं नेलं.

काकी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत टिकल्या नसत्या.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर पुढच्या वेळी लिहीन. आता अजित हॉर्न वाजवतोय. डब्यात मुगाचं वरण आणि मऊ भात आहे. तुम्हाला आवडत नाही माहीत आहे, तरी खा.

आपली,
सौ. सोनल

सिस्टरांना माझ्याबद्दल काही विचारू नका. त्यांना कामं खूप असतात, खाली-वर करावं लागतं.


बारामती
९ मे २०२१

आबा,

मधे नुसता डबा आला, चिठ्ठी आली नाही. तुम्ही सिस्टरांकडं दोनदा निरोप दिलात तो मला पोचला होता. मी कागद घेऊन बसत होते आणि काय लिहावं ते सुचत नव्हतं. आज सिस्टर म्हणाल्या, आबांना उद्या सोडतायत. ते गेटातून बाहेर आल्या आल्या विचारतील, तेव्हा तुम्ही काय सांगणार? म्हणून आज लिहिलंच पाहिजे. शांतपणे वाचा. माणूस आहे, हे आधी सांगते. गेलेला नाही.

काकींकडं गेले ते हेच.

तुम्ही ओळखलंच असणार. आपल्या वस्तीवर दुसरं कोण जाणार होतं? मी मागून ह्यांचा सदरा धरला होता. मी म्हटलं, आबा तिकडं, मोना तिकडं, आणि आता तुम्ही निघाला? त्यांनी माझी बोटं सोडवली, एक एक करून. रागानं नाही. म्हणाले, “सोनल, आबा तिकडं परक्यांच्या हातात हायत. त्यांना कोणतरी हात लावतंच हाय ना.” मग गेले. मी बांधावर तशीच उभी होते. ऊस हलत होता तेवढं दिसायचं. पुढं ऊस हलायचाही थांबला.

काकींना पोचवून आले ते घरात आलेच नाहीत. अंगणाच्या बाहेरून म्हणाले, मोटारीच्या खोलीत अंथरूण टाक. लाईटचं मी तुम्हाला खोटं लिहिलं. मी लांबून ताट ठेवायची आणि हे खिडकीतून हसून दाखवायचे. तात्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरोघर फिरायचं. हे त्यावरचा आकडा मला ओरडून सांगायचे. काही दिवसांनी ताप आला. मग आकडा सांगायचे ते मला जास्तच चांगला वाटायला लागला. एका सकाळी मी आत गेले आणि स्वतः बघितला. ते काय वाचलं ते लिहीत नाही.

तात्या तोवर स्वतः तापानं पडलेले. ते अंथरुणातून फोन करत होते. इंदापूरला जागा नाही, भवानीनगरला नाही. बारामतीत एकेक ठिकाणी विचारता विचारता शेवटी तुमच्याच दवाखान्यात एक बेड मिळाला. पण गाडी कोण चालवणार? मी अंगणात उभी होते. कोणाला हाक मारायचं धाडस होत नव्हतं. ज्यांच्या घरात लेकरं आहेत त्यांना कोणत्या तोंडानं बोलवायचं?

अजित आला. मी बोलावलं नव्हतं. तोंडाला दोन पदरी टॉवेल, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाला, “वहिनी, किल्ली तात्यांकडनं आणलीय. अवीला धरा.” सणसरपासून बारामतीपर्यंत त्यानं गाडी कुठं थांबवली नाही. काचा खाली केलेल्या होत्या. मी मागं हौद्यात ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि केबिनच्या मागच्या काचेतून मला त्याचे हात दिसत होते. स्टिअरिंग आवळून धरलेले. इतका भ्यालेला माणूस मी बघितला नव्हता, आणि तो गाडी चालवत होता. परत आल्यावर तो घरात गेला नाही, पुढं बरेच दिवस पिकअपमध्येच झोपला. त्याची आई लांबून त्याला भाकरी टाकायची.

आबा, हे तेव्हापासून तुमच्या वरच्या मजल्यावर आहेत.

मागची चिठ्ठी मी लिंबाखाली बसून लिहिली, तेव्हा ह्यांना वर नेऊन दोन दिवस झाले होते. तुमची खिडकी दाखवताना सिस्टरांनी ह्यांचीही दाखवली होती. सिस्टर तुमच्याकडून ह्यांच्याकडं जायच्या आणि दोघांचं मला येऊन सांगायच्या. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मीच त्यांना हात जोडले होते. तुमचा ऑक्सिजन नुकता कमी केला होता. त्यांना दोष देऊ नका.

मधल्या दिवसांतलं थोडंच सांगते. मोठं मशीन लावलं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, आता आपण वाट बघायची. त्या दिवशी घरी आले आणि दिवस मावळताना तात्यांच्या अंगणातून हाळी आली. तात्यांना बरं नव्हतं, म्हणून त्यांची बायको देत होती. आई आत पडून होत्या, त्यांनाही ताप चढला होता, म्हणून ओ मी द्यायची होती. मी दारात उभी राहिले, तोंड उघडलं आणि आवाज निघेना. मला काही झालं नव्हतं. ताप नाही, धाप नाही. नुसती भीती होती. मला वाटलं, ओ दिली तर ‘आमच्या घरी सगळे बरे हायत’ असं खोटं सांगितल्यासारखं होईल.

हाळी पुन्हा आली. मग बॅटऱ्या दिसल्या, दोन्ही बाजूंनी, बांधावरून धावत येणाऱ्या. तात्यांची बायको चप्पल न घालता आली होती. अंगणाच्या कडेला थांबली. आत यावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं, मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि मग ती आत आली. आईंच्या कपाळाला हात लावला, चूल पेटवली, मला म्हणाली, “तू बस.” त्या दिवसापासून आपल्या गाईंच्या धारा तिनं काढल्या. आई आता बऱ्या आहेत, उठून बसतात, मला कामं सांगतात. खरंच बऱ्या आहेत. हे खोटं नाही.

आता एक गोष्ट राहिली, आणि मला तीच लिहायला जड जातेय.

काकी बऱ्या होऊन घरी आल्या. रोज सकाळी आपल्या कुंपणाच्या दगडावर फडक्यात बांधून भाकरी आणि कालवण ठेवून जायच्या. मी ती भाकरी खाल्ली नाही. गाईला घातली, एकदा नाही, रोज. काकी हे लांबून बघत असतील असं मला वाटायचं आणि तरी मी घालत होते. त्यांचा दम परत आला आणि ह्यांचा गेला, एवढंच डोक्यात फिरायचं. तुम्ही वाचताय म्हणून चांगलं लिहावं असं वाटतं, पण चांगलं काही नव्हतं मनात.

परवा भाकरी ठेवून त्या गेल्या नाहीत. तिथंच थांबल्या. मी बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, “सोनल, मला हाळी ऐकू आली व्हती.”

मला कळलं नाही.

“अजितची आली, तुझ्या सासूची, ठमाबाईची आली. समद्या ऐकल्या. तवा थोडा दम व्हता मला. पर ओ दिली असती तर तुमास्नी कळलं असतं किती धाप लागलीय ते, आन कोणतरी धावत आलं असतं. मी म्हनलं, गप पडावं. वाटंल म्हातारी झोपली. कोण यायला नगं म्हणून मी ओ दिली न्हाय गं.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या, दगडाला धरून. रडल्या नाहीत. मीही नाही. त्या आमच्यासाठी गप बसल्या, आणि गप बसल्या म्हणूनच हे तिकडं गेले. ओ दिली असती, नुसतं ‘दम लागतोय’ म्हटलं असतं, तर गाडीवाल्यांना तरी सांगता आलं असतं की शुद्धीवर आहेत. कदाचित आम्ही गाडीची वाट बघितली असती. कदाचित हे तरीही गेले असते. मी कितीही वेळा विचार केला तरी शेवट लागत नाही. मी भाकरी उचलली आणि आत आले. त्या दिवशी ती गाईला घातली नाही. खाल्लीही नाही. झाकून ठेवली.

काल संध्याकाळी ह्यांचं मोठं मशीन काढलं. आता तुम्हाला होतं तसलं साधं नळीचं आहे. डॉक्टर म्हणतात, धोका संपला असं लिहून देणार नाही, पण दिशा चांगली आहे. सिस्टरांनी व्हिडिओ कॉल लावून दिला. ओळखू येत नाहीत इतके वाळलेत. ओठ हलले, पण आवाज आला नाही, म्हणून सिस्टरांनी कान लावून ऐकलं आणि मला सांगितलं, “काकी हाय का, असं विचारतायत.” मी मानेनं हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, घाबरू नका, झोपलेत. पण त्या तसं म्हणेपर्यंत माझा जीव जागेवर नव्हता, आणि अजूनही पूर्ण आलेला नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघत नाही, देवाचं नाव घेते.

उद्या गेटावर मी आणि अजित येतो. वर जायचा हट्ट करू नका, सोडत नाहीत, आणि जिना चढायची ताकद तुम्हाला नाही. अजितला बघून तुमच्या तोंडातून काही वेडंवाकडं जाऊ देऊ नका. काकी विचारत होत्या, झुंबरआबा आल्यावर बघायला आले तर चालंल का. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी मला जे सांगितलं ते वस्तीवर दुसऱ्या कोणाला माहीत नाही. ह्यांनाही नाही. ते ह्यांना सांगायचं की नाही, आणि काकींना घरात घ्यायचं ते कसं, हे मला एकटीला ठरवता येत नाही. तुम्ही मोठे आहात. घरी येऊन ठरवा. लगेच नाही ठरलं तरी चालेल.

हे सगळं मला गाडीत तुमच्या कानाशी ओरडून सांगता आलं नसतं. अजित ऐकेल, रस्त्यानं जाणारा ऐकेल. म्हणून लिहिलं.

उद्या भेटल्यावर यातलं काही बोलू नका. मला काही विचारू नका. नुसते माझा हात धरून गाडीत बसा. मी डॉक्टरांना विचारून घेतलंय, आता तुम्हाला हात लावला तर चालतो.

तुमची
सोनल